शादलीचा खडा

तोझर, ३ ऑक्टोबर १९९२

शादली,

तुझं पत्र परवा मिळालं. दोन पानांत अकरा चुका. तीस वर्षं फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत बसलास, लोकांना उद्धट उत्तरं द्यायला शिकलास, पण ‘यकृत’ लिहायला शिकला नाहीस. मी इथल्या शाळेत पोरींना शुद्धलेखन शिकवून म्हातारी झाले, आणि सख्खा धाकटा भाऊ असा.

आता मुद्द्याचं. डोळे पिवळे, लघवी चहासारखी, अंगभर खाज, जेवलं की उजव्या बरगडीखाली कळ. आणि तू करतोस काय, तर सालहाकडून पोटाला ऑलिव्हचं तेल चोळून घेतोस! ती भोळी, नवरा सांगतो म्हणून चोळते. चार वर्षांपूर्वी तुझं पित्ताशय काढलं तेव्हा एखादा खडा पित्ताच्या नळीत निसटून राहिला असेल, नाहीतर नंतर नवा झाला असेल. हे मी नाही, लस्साद म्हणतो. माझा मुलगा, तुझा भाचा, ज्याला तू अजून ‘शेंबड्या’ म्हणतोस. तो फ्रान्समध्ये दोन वर्षं राहून हेच शिकून आलाय. तोंडातून दुर्बीण घालायची, पोट ओलांडून आतड्यापर्यंत जायचं, तिथे पित्तनळीचं तोंड जरासं कापायचं, तारेच्या जाळीत खडा पकडायचा आणि ओढून काढायचा. पोटावर सुरी नाही, टाका नाही.

तू म्हणतोस, त्यापेक्षा स्फाक्सच्या म्हाताऱ्या प्राध्यापकाकडून पोट उघडून घेतो, कारण तो ओळखीचा आहे. ओळख कसली, तर एकदा तू त्याला केरकेना बेटावर येताना बोटीत चांगली जागा दिलीस! अरे, पोट म्हणजे काय कोटाचा खिसा आहे, दर चार वर्षांनी उघडायला?

मीच आले असते, पण माझा पाय प्लास्टरमध्ये आहे. हमामात साबणावरून घसरले. माझी नणंद ज़कीया गावभर सांगत फिरते की मनूबिया तिथे नाचत होती. सदुसष्टाव्या वर्षी!

लस्सादला वेगळं पत्र टाकलंय. त्याला नीट बजावलंय. तू फक्त बोटीत बस.

मनूबिया


रमला, केरकेना, ११ ऑक्टोबर

लल्ला मनूबिया,

सलाम. बाईसाहेबांच्या पायाला आराम पडो. नाचायचंच होतं तर कोरड्या जमिनीवर नाचायचंस.

गेलो होतो स्फाक्सला. तुझ्या मुलाने मला आडवं करून पोटावर थंडगार चिकट काहीतरी फासलं आणि पडद्यावर दाखवलं. नळीत खडा आहे. आहे म्हणजे चांगला खजुराच्या बीएवढा, बसलाय ऐटीत. मी विचारलं, “मुलगा की मुलगी?” तुझा मुलगा हसला नाही. फ्रान्सने त्याचं हसणं काढून घेतलंय.

मग त्याने मला खुर्चीत बसवून काय-काय बिघडू शकतं ते सांगितलं. स्वादुपिंडाला सूज येते, रक्त जातं, आतड्याला भोक पडू शकतं, जंतू शिरतात. म्हटलं, झालं? तर म्हणतो, नाही, ही नेहमीची. आता दुर्मीळ सांगतो. हवा नको तिथे शिरून मान नि चेहरा फुगतो, कातडी दाबली की करकर वाजते. प्लीहा फाटते. यकृताच्या आवरणाखाली रक्त साकळतं. (बघ, ‘यकृत’ बरोबर लिहिलं.) कधी खडा धरलेली जाळीच आत अडकून बसते. मी म्हटलं, “बाबा रे, तुझ्याकडे गिऱ्हाईक टिकतं कसं?”

पण एक गोष्ट मला खटकली, ती तुला सांगतो. तो मला टाळत होता. म्हणाला, “मामा, आमच्या मोठ्या डॉक्टरांकडून करून घे. आपल्या माणसावर हात चालत नाही.” मला कळतं गं सगळं. अंगाला ऑक्टोपसचा वास येणारा मामा, आल्या-गेल्या नर्सला विनोद सांगणारा. त्याला लाज वाटत असणार. मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, “तू करतोस की तुझ्या आईला कळवू?” त्याचा चेहरा माझ्यापेक्षा पिवळा झाला. म्हणाला, “नको. करतो.”

वीस तारखेला, मंगळवारी. सालहा बरोबर येतेय. तिने घरातून निघताना न्यायच्या पिशवीत आत्ताच जवाचं पीठ, सुका ऑक्टोपस आणि एक शेगडी भरून ठेवलीय. इस्पितळात उपाशी ठेवतात असं तिला कोणीतरी सांगितलंय.

शादली


स्फाक्स, इस्पितळ, २२ ऑक्टोबर

लल्ला,

काम झालं. सगळं छान. आडवा पडून लिहितोय म्हणून अक्षर असं. दोन-चार दिवस इथेच राहीन म्हणतो, खाट चांगली आहे. घशाला जरा त्रास आहे, त्यामुळे फोनबिन करणार नाही. इस्पितळातला फोन तसाही बिघडलाय. लस्साद कामात आहे, त्याला उगाच पत्र पाठवत बसू नकोस.

सालहाचा सलाम. पायाला जप.

शादली


तोझर, २९ ऑक्टोबर

माझ्या शहाण्या भावा,

ऐकलंस ना शेवटी! पत्र वाचलं आणि आधी रडले, मग कुबड्या घेऊन दारात गेले आणि पहिल्या येणाऱ्या माणसाला सांगितलं. तो गॅसचे सिलेंडर पोचवणारा होता. त्याने मुबारक म्हटलं आणि सिलेंडरही आत आणून ठेवला.

दुपारी गल्लीतल्या बायकांना बोलावलं. नवे खजूर होते, बदामाची मिठाई मागवली. त्यांना सगळं समजावून सांगितलं, दुर्बीण कुठून जाते, कुठे वळते. पीठ चाळायची चाळण घेऊन जाळी कशी असते तेही दाखवलं. सगळ्या तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. ज़कीया तेवढी मिठाई खाऊन झाल्यावर म्हणाली, “तोंडातून घालून नळीतून काढतात होय? मग खडा कुठाय?” मी म्हटलं, कुठाय म्हणजे? म्हणाली, “माझ्या दिराचं पित्ताशय काढलं तेव्हा खडे बाटलीत घालून दिले होते. तुझ्याकडे काही दिसत नाही.”

शादली, मला तो खडा हवाय. कसा पाठवायचा ते तू बघ. काडेपेटीत घाल, कापसात गुंडाळ, पण पाठव. या बाईने माझ्या मुलाच्या लग्नात जेवण अळणी आहे म्हणून सगळ्यांदेखत मीठ मागितलं होतं. तो खडा मी तिच्या ताटलीत ठेवणार आहे.

लस्सादचं मात्र एक अक्षर नाही. एवढं मोठं काम केलं, आईला दोन ओळी लिहायला काय झालं? वर चढला की काय?

तुझी ताठ मानेची, वाकड्या पायाची बहीण,
मनूबिया


रमला, ९ नोव्हेंबर

लल्ला,

परवा घरी आलो. खडा पाठवतोय. जपून ठेव, धुवायला जाऊ नकोस.

शादली


तोझर, १६ नोव्हेंबर

शादली,

काडेपेटी मिळाली. कापूस उलगडला. खडा करडा, गुळगुळीत, बोटाच्या पेराएवढा. मी तो बशीत ठेवून ज़कीयासह सात बायकांच्या हाती दिला. सगळ्यांनी ‘सुभानल्ला’ म्हटलं. ज़कीयासुद्धा गप्प बसली. तेवढी दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली फार चांगली गेली.

मग औषधांच्या दुकानातला हम्मादी माझ्या गोळ्या घेऊन आला. त्याने खडा उचलला, उजेडात धरला, उलटा केला. म्हणाला, “लल्ला मनूबिया, याच्या खालच्या बाजूला शिंपल्याचा ठसा आहे.”

शिंपल्याचा ठसा, शादली! रेघांसकट. तुझ्या पित्तनळीत समुद्र होता का? भरती-ओहोटी येत होती का? ज़कीया हसता हसता माझ्या प्लास्टरवर पडली. आता गल्लीतली पोरं मला बघून शिट्टी वाजवतात आणि विचारतात, “भावाने मासे पाठवले का?”

माझ्या लक्षात आलंय काय झालं ते. तू दुर्बीण घालून घेतलीच नाहीस. टेबलावर चढलास, नळी बघितलीस आणि पळालास. लहानपणी सुंतेच्या दिवशी जसा भांड्यांच्या फडताळात लपला होतास तसा. मग तीन आठवडे स्फाक्सला कुठेतरी लपून बसलास, आणि लस्सादने मामाची इज्जत झाकायला तोंड शिवून घेतलं. बरोबर? म्हणजे पोराने निमूट गप्प बसायचं आणि आईने गावात तोंड काळं करून घ्यायचं.

तुझे डोळे अजून पिवळेच असणार. भित्र्या! तो खडा आत पिकत असेल. मला खरं काय ते लिही, नाहीतर प्लास्टर निघालं की याच पायाने येऊन तुला बदडते.

मनूबिया


रमला, २४ नोव्हेंबर

लल्ला मनूबिया,

शिंपल्याचा दोष सालहाचा. मी तिला म्हटलं होतं, एक साधा दगड आण. ती किनाऱ्यावरून सगळ्यात सुंदर उचलून आली.

पण मी पळालो नाही. ते पळणं परवडलं असतं. आता बस, पाय उंच ठेव आणि पूर्ण वाच. मध्ये उठून लस्सादला फोन करायला जाऊ नकोस.

वीस तारखेला मला भूल दिली, पण अर्धवट. ऐकू येत होतं. लस्सादने दुर्बीण घातली, खाली नेली, सगळं रीतसर चाललं होतं. नळीचं तोंड कापलं, रक्तसुद्धा फार गेलं नाही. मग जाळी आत घातली. तो म्हणाला, “आला.” मला बरं वाटलं. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, “बंद होत नाहीये.” नर्स म्हणाली, “मग उघडा.” तो म्हणाला, “उघडतही नाहीये.”

लल्ला, खिडकी बंद झाली की मी आयुष्यभर सापळ्यातून मासे काढले. सापळाच माशाच्या पोटात जाऊन अडकला असं मी बघितलं नव्हतं. खडा एवढा टणक की जाळीने तो चिरडेना, एवढा मोठा की नळीतून बाहेर येईना, आणि तारा त्यात अशा रुतल्या की सुटेनात. कोणीतरी म्हणालं, “जोरात ओढा.” तुझा मुलगा त्याच्यावर असा ओरडला की माझी उरलेली भूल उतरली. “ओढायचं नाही! नळी फाटेल!”

शेवटी त्याने जाळीची मूठ कापून टाकली आणि दुर्बीण तारेवरून मागे सरकवत बाहेर काढली. तार तशीच राहिली. एक टोक आत खड्याला मिठी मारून, दुसरं माझ्या तोंडातून बाहेर, गालावर चिकटपट्टीने चिकटवलेलं. तुला बावीस तारखेचं पत्र मी त्या अवस्थेत लिहिलंय. घशाला त्रास आहे हे एवढं एकच त्यात खरं होतं.

सालहा आत आली, माझ्याकडे बघितलं, तार बघितली. लस्सादला म्हणाली, “याला आता बांधायचं कुठे?” शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, “हाजी, या अँटेनावर इटलीचा टीव्ही लागतो का?” मला हसायला येत होतं आणि हसलं की आत कळ येत होती. अशी शिक्षा कोणाला होऊ नये.

लस्साद मात्र हसत नव्हता. माझ्यासमोर स्टूल ओढून बसला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मामा, थोडी अडचण आलीय. हा म्हणाला, “मामा, जाळी अडकली. माझ्या हातून अडकली. आधी खड्याचं माप अजून नीट घ्यायला हवं होतं, आणि खडा चुरायचं यंत्र जवळ ठेवून मगच हात घालायला हवा होता. ते आपल्याकडे नाही. ट्युनिसहून मागवलंय.” मला वाटलं होतं त्याला माझी लाज वाटते. गाढव मी.

यंत्र राजधानीतून यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मला एक्स-रेला न्यायचं, खाट बदलायची, काही करायचं झालं की तो कुठूनही यायचा आणि ते तारेचं टोक स्वतःच्या हातात धरून माझ्याबरोबर चालायचा. ओढ बसू नये म्हणून. नर्सना धरू द्यायचा नाही. लिफ्टमध्ये एकदा दुसरे डॉक्टर हसले. तो खाली बघून तार धरून उभा. तुला कळवू का म्हणून त्याने मला दोनदा विचारलं. मीच शपथ घातली, नाही म्हणून. तू लंगडी, दूर, आणि स्वभाव असा.

तेवीस तारखेला यंत्र आलं. तारेवरून एक लोखंडी नळी सरकवतात आणि बाहेरून चावी पिळतात, म्हणजे जाळी आवळून खडा फुटतो. पिळली. पिळली. खडा नाही फुटला, तार तुटली. आतल्या आत.

त्यानंतरचं मला फार आठवत नाही. ताप चढला, दात वाजायला लागले, सालहाला मी ‘आई’ म्हणून हाक मारली म्हणे. म्हातारा प्राध्यापक आला, म्हणाला, आता थांबायचं नाही. माझं पोट उघडलं आणि खडा काढला, जाळीसकट. दोन दिवस रक्तदाब खालीच होता. सालहा सांगते, इमामालाही बोलावून झालं होतं. मृत्यूचा फरिश्ता अज़राईल पायथ्याशी येऊन बसला असेल, पण शेवटची बोट कधी सुटते हे कोणाला विचारावं हे त्याला माहीत नव्हतं. तिकीटखिडकीवाला खाटेवर पडलेला.

आता मी बरा आहे. पित्त बाहेर काढायला पोटाला लावलेली नळी निघाली, डोळे पांढरे झाले, पोटावर वरपासून खालपर्यंत जखम आहे. खरा खडा प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना दाखवायला बाटलीत ठेवलाय, तारेत गुंडाळलेला. तो तुला कसा पाठवणार होतो?

वाईट हे आहे की लस्सादने त्या दिवसापासून दुर्बिणीला हात लावलेला नाही. येतील त्या रुग्णांना ट्युनिसची चिठ्ठी लिहून देतो. गफ्साकडच्या कुठल्याशा लहान दवाखान्यात बदली मागितलीय, खोकला नि ताप बघायला. मी सांगून बघितलं. मान हलवतो आणि माझी जखम तपासत बसतो.

शादली


तोझर, १ डिसेंबर

शादली,

पत्र तीनदा वाचलं. चुका मोजल्या नाहीत.

तुझ्यापाशी मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती मी कागदावर लिहितेय कारण तोंडाने सांगता येणार नाही. लस्सादने मला सप्टेंबरच्या शेवटी लिहिलं होतं. ‘आई, मामाचं काम मी करणार नाही. खडा मोठा निघाला तर आमच्याकडे सगळी साधनं नाहीत. आणि आपल्या माणसाच्या वेळी डोकं थंड राहत नाही.’ किती साधं आणि शहाणपणाचं लिहिलं होतं त्याने.

मी काय उत्तर दिलं माहीत आहे? लिहिलं, ‘तू माझ्या भावाला दुसऱ्याच्या हाती दिलंस तर मी समजेन की फ्रान्सने तुला काही शिकवलं नाही, आणि तसं ज़कीयालाही समजेल.’ मला माझ्या भावाचा खडा काढून हवा होताच, पण त्याहून जास्त मला तो ज़कीयाच्या ताटलीत हवा होता. तू पोटावर जी जखम घेऊन बसलायस ती तिथून सुरू होते. तू त्याला म्हणालास ना, ‘आईला कळवू का?’ त्याचा चेहरा का पिवळा पडला ते मला ठाऊक आहे.

मी लस्सादला चार पत्रं लिहून फाडली. पाचवं पाठवलं. त्यात एवढंच आहे की तू नको म्हणालास, मी ऐकलं नाही, मामाच्या तब्येतीचा दोष स्वतःच्या एकट्याच्या डोक्यावर घेऊन गफ्साला जाऊ नकोस. उत्तर आलं नाही. येईल असं वाटतही नाही. आईने आधी ढकलायचं आणि मग सांभाळून घ्यायचं, कंटाळला असेल पोरगा.

ज़कीया आली होती. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती उठली, म्हणाली, “चहा टाकते,” आणि माझ्या स्वयंपाकघरात जाऊन सगळे डबे चुकीच्या जागी ठेवून आली.

प्लास्टर अजून दोन आठवडे. तू जवळ आहेस, तुझ्या जिभेला लगाम नाही. आजवर त्याचा मला त्रासच झाला. या वेळी काहीतरी कर.

मनूबिया


रमला, २ जानेवारी १९९३

लल्ला मनूबिया,

तुझं पत्र आल्यापासून मी लस्सादला तीनदा भेटलो. पहिल्यांदा समजावलं, दुसऱ्यांदा शिव्या दिल्या, आणि दोन्हींचा उपयोग झाला नाही. तो बूट घालून बसलेल्या माणसासारखा झाला होता, फक्त बदलीच्या कागदाची वाट बघत.

तिसऱ्यांदा मी मब्रूकाला घेऊन गेलो. माशांची जाळी विणणारी मब्रूका, आमच्या मागच्या गल्लीतली. सत्तरी ओलांडलेली, एका कानाने बहिरी. तिला माझ्यासारखीच कावीळ झाली, माझ्यासारखाच खडा निघाला, माझ्याहून लहान. स्फाक्सहून तिला ट्युनिसची चिठ्ठी मिळाली होती. सही कोणाची ते सांगायला नको. ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली, “शादली, मला बोट लागते, बस लागते, आणि ट्युनिसला माझं कोणी नाही. मी इथेच मरते, तुझी हरकत नाही ना?” मी म्हटलं, हरकत आहे.

सोमवारी सकाळच्या बोटीने गेलो. ती अख्खी वाट पिशवीत तोंड घालून होती. लस्सादच्या खोलीत शिरलो. त्याने तिचे कागद बघितले, माझ्याकडे बघितलं, पेन उचललं.

मी म्हटलं, “पुन्हा चिठ्ठी लिहिलीस तर खाऊन टाकीन.”

“मामा, तुला कळत नाही. पुन्हा तसंच झालं तर?”

“तर तार धरून बसशील. तेवढं तुझ्याइतकं कोणाला येत नाही.”

मब्रूकाने चांगला कान पुढे केला. “बाळ, याच्या वेळी काय झालं? हा बोटीत सांगत होता, पण मी ओकत होते.”

लल्ला, त्याने तिला सगळं सांगितलं. एक शब्द झाकला नाही. खडा मोजताना तो कसा चुकला, यंत्र आधी का मागवलं नाही, तार कशी तुटली. ती बहिरी म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, बाहेरच्या रांगेनेही ऐकलं. सांगताना त्याचा आवाज फुटला, तरी थांबला नाही. शेवटी म्हणाला, “म्हणून मी हे आता करत नाही.”

मब्रूका म्हणाली, “ट्युनिसवाल्याच्या हातून असं कधी झालंय का?”

“माहीत नाही. झालं असेल, नसेलही.”

“मग माझं तूच कर. तू निदान सांगतोस.”

तो उठून खिडकीपाशी गेला. मी पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं. तुला खोटं वाटेल, पण ठेवलं. तो तिथूनच म्हणाला, “ते यंत्र अजून आपल्याकडेच आहे. परत पाठवायचं राहून गेलंय.” मग म्हणाला, “मोठे डॉक्टर शेजारी उभे राहणार असतील तर.” मग दार उघडून नर्सला हाक मारली आणि तिचं पुन्हा नीट माप घ्यायला सांगितलं. दोनदा घेतलं.

बुधवारी केलं. मी बाहेर बाकावर होतो. रांगेत पाच-सहा जण होते, भेदरलेले, पोटं धरून. मला वाटलं त्यांना धीर द्यावा. म्हणून मी शर्ट वर करून जखम दाखवली. सांगितलं, हे बघा, आत जो आहे ना, त्यानेच माझ्या पोटात तार सोडली होती, माझा सख्खा भाचा, आणि आज माझ्या शेजारणीला मी स्वतःच्या पायांनी त्याच्याकडे घेऊन आलोय. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय हवं? मी तार कुठून कुठे जात होती ते बोटाने दाखवलं. एका बाईने डोळे झाकले. मला वाटलं भावना दाटून आल्या.

चाळीस मिनिटं झाली. पन्नास. माझ्या तोंडातले विनोद संपले. तासाला पाच कमी असताना दार उघडलं आणि लस्साद आला. टोपी हातात, केस घामाने चिकटलेले. माझ्या शेजारी बाकावर बसला. मी विचारलं नाही, माझी हिंमत झाली नाही. त्यानेच मूठ उघडली. आत कापसावर तपकिरी खडा, तुटलेला, तीन तुकडे.

“चुरावा लागला,” म्हणाला. “ती शुद्धीवर आहे. जेवण कधी मिळेल म्हणून विचारतेय.”

मी रडलो. एकसष्ट वर्षांचा माणूस, इस्पितळाच्या बाकावर. तो माझ्या खांद्याला खांदा लावून बसून राहिला. बदलीचं मी काढलं नाही, त्यानेही नाही. पुढच्या शुक्रवारी त्याच्याकडे आणखी एक काम आहे एवढं मला नर्सकडून कळलं.

थोड्या वेळाने तो वाकून माझ्या कानाशी आला. म्हणाला, “मामा, शर्ट खाली घे. तीन पेशंट उठून गेलेत.”

आणि लल्ला, तो हसला. दात दिसेपर्यंत. मी मग शर्ट काही खाली घेतला नाही.

तुझा,
शादली